डोंगरातली जुनी रत्नखाण: कागद आणि कातळ एकत्र कसे वाचावेत

शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खणलेल्या खड्ड्यापाशी पोहोचलं, की हात आपोआप हातोड्याकडे जातो. तो आवरायचा. आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: ज्या खड्यांमुळे या जागेचं नाव झालं ते मूळ कातळातून निघाले, की उतारावरच्या सुट्या मातीदगडांतून? दोन्हींचा शोध वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो, आणि जुन्या नोंदी हा फरक क्वचितच नीट सांगतात.

पाडरचा नीलम हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. जम्मू-काश्मीरमधल्या किश्तवाड भागात, सुमजाम गावाच्या वर साधारण 4,500 मीटर उंचीवर, 1881 च्या सुमारास दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. महाराजांच्या दरबाराने जागा ताब्यात घेऊन पहारा बसवला. उत्तमातला उत्तम माल पहिल्या पाच-सहा वर्षांत निघाला आणि 1887 पर्यंत मूळ जागा जवळजवळ रिकामी झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश यांनी तिची पाहणी केली. त्यांचा अहवाल 1890 मध्ये छापला गेला. नीलम वरच्या कातळात होता, तसाच खालच्या दरीच्या तळाशी साचलेल्या दगडमातीतही होता. म्हणजे एकाच नावाच्या दोन खाणी. ‘काश्मीरची खाण’ एवढंच वाचून वर गेलेला माणूस चुकीच्या जागी खणू शकतो.

कागदातल्या खाचाखोचा

जुना नकाशा किंवा अहवाल हाती आला की तीन दुरुस्त्या करूनच तो वापरायचा. पहिली, दिशा. होकायंत्राने घेतलेल्या दिशा चुंबकीय उत्तरेच्या असतात आणि ती उत्तर काळाबरोबर सरकते. फक्त 5 अंशांचा फरक धरला तरी 300 मीटरवर तुम्ही 26 मीटर बाजूला जाता. कातळातल्या अरुंद शिरेच्या (भेगेत भरलेल्या खनिजाच्या पट्ट्याच्या) बाबतीत एवढं अंतर पुरेसं घातक आहे. नकाशाच्या वर्षाचा चुंबकीय फरक शोधून तो वजा-अधिक करावा. दुसरी, उंची. हवेच्या दाबावरून काढलेली उंची हवामान पालटलं की पन्नास-शंभर मीटरने सहज चुकते, म्हणून फुटांचे मीटर करून (1 फूट म्हणजे 0.3048 मीटर) तो आकडा अंदाज म्हणूनच धरायचा. ‘दोन ओढ्यांच्या संगमाच्या वर, पांढऱ्या कड्याखाली’ असं वर्णन असेल तर आकड्यापेक्षा त्यावर भरवसा ठेवावा. तिसरी, नावं. जुन्या लिखाणात पिवळ्या गारेलाही (क्वार्ट्झ) पुष्कराज (इथे अर्थ टोपाझ) म्हटलेलं सापडतं, आणि निळा दगड नीलम असेल, कायनाइट असेल किंवा निळी तोरमल्लीही (टुरमलिन) असेल. नोंदीत कठीणपणा किंवा वजन दिलेलं नसेल तर नावापुढे मनात प्रश्नचिन्ह ठेवा.

खाणहक्क, वनखातं, संरक्षित क्षेत्र यांची परवानगी हेही कागदांचंच काम आहे. ते निघण्याआधी उरकायचं.

कातळ: कोणते दोन दगड भेटतात ते पाहा

डोंगरातली बहुतेक रत्नं तीन प्रकारच्या जागी होतात. ग्रॅनाइटचा रस थंड होताना शेवटी पाणी, बेरिलियम, बोरॉन असं न मावलेलं सगळं उरलेल्या रसात जमतं आणि त्यातून पेग्मॅटाइटच्या जाड दाण्यांच्या शिरा व पोकळ्या तयार होतात. ॲक्वामरीन, तोरमल्ली, पुष्कराज यांचं घर हे. कोलोरॅडोतल्या माउंट अँटेरोवर, 4,000 मीटरच्याही वर, ॲक्वामरीन ग्रॅनाइटी खडकातल्या अशाच पोकळ्यांमध्ये सापडतो. दुसरा प्रकार संगमरवराचा: चुनखडीतला थोडासा चिकणमातीचा अंश उष्णतेने आणि दाबाने भाजून निघाला की माणिक आणि स्पिनेल बनतात. म्यानमारचं मोगोक आणि पाकिस्तानातलं हुंझा ही त्याची ठिकाणं.

तिसरा प्रकार सर्वांत चकवणारा. नीलम आणि माणिक म्हणजे कुरुंद, म्हणजे निव्वळ ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड). आजूबाजूला मोकळी सिलिका (गार हिचीच बनलेली असते) असेल तर ॲल्युमिना तिच्याशी संयोग पावते, कुरुंद उरत नाही. म्हणून गार आणि कुरुंद सहसा शेजारी नांदत नाहीत. पण पेग्मॅटाइटची शीर सिलिका कमी असलेल्या दगडात घुसली, तर तो दगड तिची सिलिका शोषून घेतो आणि शिरेत ॲल्युमिना शिल्लक राहते. पाडरला नेमकं हेच घडलं: संगमरवरातल्या हिरवट ॲक्टिनोलाइट-ट्रेमोलाइट या तंतुमय खनिजांच्या भिंगाकृती पट्ट्यांत पेग्मॅटाइट शिरला, आणि नीलम मिळाला तो खडूसारख्या मऊ झालेल्या फेल्डस्पारमध्ये (ग्रॅनाइटमधलं नेहमीचं फिकट खनिज). पाचूचंही गणित असंच आहे. बेरिलियम पेग्मॅटाइटकडून, हिरवा रंग देणारं क्रोमियम शेजारच्या काळपट दगडाकडून.

यावरून कामाची पद्धत ठरते. शिरेच्या मधोमध खणण्याऐवजी तिच्या कडेने चालायचं आणि दर 2 मीटरवर थांबून पाहायचं: गार किती, फेल्डस्पार कसा, शेजारी कोणता दगड. कडेपर्यंत गार भरपूर असेल तर तिथे कुरुंद शोधण्यात अर्थ नाही. कडेकडे जाताना गार कमी होत संपली आणि शेजारी काळसर अभ्रकाचा किंवा हिरव्या तंतुमय खनिजाचा मऊ पट्टा लागला, तर तिथे खूण करा. शेजारचा पांढरा दगड संगमरवर आहे का, हे 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने कळतं. कॅल्साइटचा संगमरवर लगेच फसफसतो; डोलोमाइटचा मात्र ओरखडून पूड केल्याशिवाय जेमतेम बुडबुडे देतो. पूड न करता ‘हा संगमरवर नाही’ असं ठरवणं ही नेहमीची चूक.

पोकळी जवळ आल्याच्या खुणा वेगळ्या: फेल्डस्पारचे तुकडे मोठे होतात, अभ्रकाची ‘पुस्तकं’ (पानांसारख्या थरांचे गठ्ठे) जाड होतात, काळी तोरमल्ली वाढते, पांढऱ्या अल्बाइटची (फेल्डस्पारचा एक प्रकार) पात्यांसारखी रचना दिसते आणि शेवटी गंजासारखी तांबूस चिकणमाती लागते. ती लागली की लोखंडी छिन्नी खाली ठेवा. पुढचं काम लाकडी किंवा बांबूच्या काडीने. थंड ओल्या पोकळीतला स्फटिक एकदम उन्हात ठेवला तर तडकतो. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत हळूहळू कोमट होऊ द्यावा.

सुटे दगड उलट्या दिशेने

उतारावर सापडलेल्या प्रत्येक कामाच्या तुकड्याची जागा नोंदवा आणि 10 मीटर बाय 10 मीटरच्या चौकोनात किती तुकडे, ते मोजा. कागदावर ठिपके मांडले की बहुधा पंख्यासारखा आकार दिसतो आणि त्याचं टोक वर असतं. तुकडे संपतात त्या रेषेच्या थोडं वर मूळ कातळ शोधायचा. कडा धारदार असतील तर मूळ जवळ, गोटे झाले असतील तर दूर. उंच डोंगरावर एक खोड आहे, हिमोढाची. जुन्या हिमनदीने आणलेला ढीग असेल तर त्यातले दगड भलत्याच खोऱ्यातले असू शकतात. एका दिशेने घासल्याच्या रेघा असलेले, नाना जातींचे, बारीक पिठासारख्या मातीत रुतलेले दगड दिसले तर पंख्याचा हिशेब तिथे चालत नाही.

जुन्या टाकाऊ ढिगाचंही माप घ्या. फोडलेला दगड मूळच्या साधारण दीडपट जागा व्यापतो. बोगदा 1.2 मीटर रुंद, 1.8 मीटर उंच आणि दिसतो तिथवर 20 मीटर लांब असेल, तर आतून 43 घनमीटर दगड निघाला आणि ढीग 65 घनमीटरच्या आसपास हवा. ढीग 120 भरला तर पडझडीच्या पलीकडे बोगदा आणखी आहे. हे शोधायला आत जायचं नाही, बाहेरूनच हिशेब करायचा: कुजलेले लाकडी टेकू आणि प्राणवायू नसलेली हवा, दोन्ही सूचना देत नाहीत.

धुणं आणि चाळणं

मातीचा नमुना मोजून घ्या, दर ठिकाणी 20 लिटर. 12, 6 आणि 2 मिलिमीटरच्या चाळण्या एकाखाली एक ठेवून पाण्यात धुवा. चिकणमातीचे गोळे हाताने कुस्करायला विसरू नका, खडे त्यातच दडतात. मग प्रत्येक आकाराचा माल वेगळा घेऊन चाळणी पाण्यात अर्धवट बुडवायची आणि वर-खाली झटके देत थोडी थोडी फिरवायची, साधारण शंभर वेळा. जड दाणे तळाशी, मधोमध जमतात. चाळणी सपाट गोणपाटावर एका झटक्यात उपडी केली की मध्यभागी काळसर-तांबूस ‘डोळा’ दिसतो. तामडी (गार्नेट), लोहखनिज आणि असल्यास कुरुंद तिथेच. डोळा फाकलेला आला तर झटके तिरपे बसले किंवा वेगवेगळ्या आकाराचा माल मिसळला, असं समजा.

ही युक्ती ॲक्वामरीन आणि पाचूला लागू नाही. त्यांची सापेक्ष घनता (पाण्याच्या किती पट जड) 2.7 च्या आसपास, गारेची 2.65, पाण्याला दोघांत फरक कळत नाही. तिथे ओला माल पांढऱ्या थाळीत पसरून डोळ्यांनीच वेचावा लागतो. चाळणीतल्या रिकाम्या ‘डोळ्या’वरून ‘इथे काही नाही’ म्हणून पाचूची जागा सोडून देणं सहज घडतं.

खडा ओळखणं

खडा हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोला. हवेतलं वजन भागिले वजनातली घट, म्हणजे सापेक्ष घनता. हवेत 8.00 ग्रॅम आणि पाण्यात 6.00 भरला तर उत्तर 4.00, कुरुंदाचं. स्पिनेल 3.6, पुष्कराज 3.5, तोरमल्ली 3.0 ते 3.2. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर खड्याला चिकटलेले बुडबुडे घनता कमी दाखवतात. आणि 0.01 ग्रॅमच्या तराजूवर एका कॅरेटचा, म्हणजे 0.2 ग्रॅमचा खडा तोलू नका. घट फक्त 0.05 येते, त्यात 0.01 ची चूक म्हणजे उत्तर 20 टक्क्यांनी हललं. निदान 2 ग्रॅमचा तुकडा घ्या.

कठीणपणासाठी खड्याच्या बिनमहत्त्वाच्या कडेने पुष्कराजाच्या तुकड्यावर रेघ ओढा आणि बोटाने पुसा. पुसली गेली तर ती खड्याचीच पूड होती. खाच राहिली तर कुरुंद. निळा लांबट कायनाइट लांबीच्या दिशेने चाकूने ओरखडतो, आडवा नाही, त्यामुळे तो दोन्हीकडून तपासावा.

वेळ हाताशी कमी असते; पाडरसारख्या जागा जेमतेम जुलै ते सप्टेंबर बर्फमुक्त असतात. तरी 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. उन्हाने बर्फ सैल झाल्यावर दगड सुटतात, म्हणून कड्याखालचं काम सकाळी उरका. नमुन्याच्या पिशवीत कागदाची चिठ्ठी टाकली तर ओल्या मातीत तिचा लगदा होतो. क्रमांक ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरा, तोच वहीत लिहा आणि खणलेला चर बुजवूनच पुढच्या खुणेकडे वळा.