स्मृतिभ्रंश झालेल्या आईबाबांची लघवी, शौच आणि आंघोळ घरी कशी सांभाळावी

डायपर आणण्याआधी तीन दिवस वही ठेवा. लघवी किती वाजता झाली, कपडे कधी ओले झाले, चहा-पाणी कधी घेतलं, शौच कधी झाली, एवढंच लिहायचं. कपडे ओले होतात म्हणजे मूत्राशयच बिघडलं असं नाही. पुष्कळदा संडास कुठे आहे ते आठवत नाही, पायजम्याच्या नाडीची गाठ सुटत नाही, किंवा 'लागली' हे सांगायला शब्दच सापडत नाही. म्हणून नाडी काढून इलॅस्टिक घाला. आईला साडीऐवजी गाऊन सोपा.

वहीतल्या वेळांच्या थोडं आधी न्या. अंदाज लागत नसेल तर उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्याआधी आणि दिवसा दर दोन तासांनी. 'जायचं का?' असं विचारलं की उत्तर हमखास 'नाही'. त्यापेक्षा 'चला बाबा, हात धुऊन येऊ' म्हणत उठवा. नाश्त्यानंतर 15 ते 30 मिनिटांनी आतड्यांची हालचाल वाढते. तेव्हाच कमोडवर बसवा. तळपाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा, अधांतरी पायांनी जोर लागत नाही. लघवी उतरत नसेल तर नळ बारीक सोडून बघा. दहा मिनिटांत काही झालं नाही तर उठवा, पुन्हा अर्ध्या तासानं.

संडासचं दार उघडं आणि दिवा लावलेला असू द्या. आतली कडी काढून टाका. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड त्यांना नीट दिसत नाही, गडद रंगाची सीट बसवा आणि बाजूला भिंतीत पकडायला दांडी ठोकून घ्या. जुन्या घरात संडास मागच्या अंगणात असेल तर रात्री तिकडे नेऊच नका. पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा. खोलीतली कुंडी, बादली, कचऱ्याचा डबाही हलवा. अंधारात त्यालाच मोरी समजलं जातं, त्यात त्यांचा खोडसाळपणा नसतो.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा, घरचे एक चूक हमखास करतात: कपडे ओले होतील म्हणून पाणी कमी देतात. मग बद्धकोष्ठ होतं, लघवी पिवळीजर्द होते, संसर्ग होतो आणि गोंधळ आणखी वाढतो. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल तर दिवसभर थोडं थोडं पाणी, ताक, सरबत देत राहा. फक्त संध्याकाळनंतर हात आखडा, चहा तर नकोच. एक-दोन दिवसांत माणूस अचानक जास्त भ्रमिष्ट झाला तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका, लघवी तपासून घ्या. जळजळ होते हे ते सांगतीलच असं नाही.

डायपर लागलाच तर कंबर-नितंब मोजून साइज घ्या. सैल डायपर मांडीतून गळतो. शौच झाली की लगेच बदला. कोमट पाण्यानं धुवा, आईला पुढून मागे, उलटं कधीच नाही. घासू नका, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या. पावडर नको, जांघेत गोळे होतात. दाबूनही न फिकटणारा लाल चट्टा दिसला तर ती बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा आणि डॉक्टरांना दाखवा. दुपारी कूलरसमोर थोडा वेळ, खाली मेणकापड आणि सुती चादर घालून, डायपर काढून ठेवा.

आंघोळ सकाळी. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी भाजण्याइतकं तापतं, त्यामुळे आधी आपल्या कोपरानं पाहा. साबण, टॉवेल, कपडे आधीच मांडून ठेवा. खुर्चीवर बसवा, खांद्यावर टॉवेल टाका आणि पायांपासून सुरू करा. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की घाबरून हात उगारतात. त्यापेक्षा तांब्या त्यांच्याच हातात देऊन म्हणा, 'तुम्हीच ओता.' नाहीच ऐकलं तर वीस मिनिटांनी पुन्हा. आंघोळ एखाद दिवस चुकली तरी चालेल, पण काख, जांघा आणि पायाच्या बोटांमधल्या जागा रोज पुसून कोरड्या करा.

वापरलेल्या डायपरमधली शौच संडासात टाका. डायपर कागदात घट्ट गुंडाळून कचरागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्या. कमोडमध्ये टाकलात तर तुंबलाच.