डोके-मान कर्करोगातील किरणोपचार : दुष्परिणामांची तुलना करताना या चुका टाळा

डोके आणि मान या भागातील कर्करोगाचे निदान झाले, की थ्रीडी, आयएमआरटी (किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणारी पद्धत), व्हीमॅट, प्रोटॉन ही किरणोपचारांच्या तंत्रांची नावे रुग्णाच्या घरात बोलली जाऊ लागतात आणि ‘यांतले कमी त्रासाचे कोणते?’ हा प्रश्न पुढे येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र त्रास यंत्राच्या नावावरून ठरत नाही. कोणत्या अवयवाला किरणांची किती मात्रा पोहोचली, यावर तो ठरतो. तुलना फसते ती बहुतेक वेळा हे नजरेआड झाल्यामुळे.

पहिली चूक म्हणजे आकडा पाहायचा, पण तो कशाच्या तुलनेत आहे हे पाहायचे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पारस्पोर्ट’ या ब्रिटिश चाचणीत ९४ रुग्ण होते. वर्षभरानंतर तोंडाचा लक्षणीय कोरडेपणा जुन्या पारंपरिक पद्धतीच्या गटात ७४ टक्के रुग्णांना, तर कानाजवळची लाळग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटीच्या गटात ३८ टक्के रुग्णांना होता. हा फरक मोठा आणि विश्वासार्ह आहे. पण तो जुन्या पद्धतीशी केलेल्या तुलनेतला आहे. तोच आकडा आयएमआरटी आणि व्हीमॅट यांच्यातील निवडीसाठी वापरता येत नाही, कारण व्हीमॅट हा आयएमआरटीचाच, यंत्र रुग्णाभोवती फिरत असताना किरण देणारा प्रकार आहे. त्याचा ठळक फायदा उपचाराच्या टेबलावर झोपून राहण्याचा वेळ कमी होणे हा आहे.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे : लाळ वाचली म्हणजे सारे वाचले, असे मानणे. त्याच चाचणीत उपचारांच्या काळातील लक्षणीय थकवा आयएमआरटीच्या गटात ७४ टक्के, तर जुन्या पद्धतीच्या गटात ४१ टक्के रुग्णांना जाणवला. अनेक कोनांतून किरण आल्यामुळे एका भागाची मात्रा घटते, पण कमी मात्रेचे किरण पूर्वी न लागणाऱ्या भागांवर, उदाहरणार्थ डोक्याच्या मागील बाजूला, पसरतात. काही रुग्णांचे तेथील केसही गळतात. शिवाय कानाजवळची ग्रंथी मुख्यतः जेवताना लाळ पुरवते, तर एरवी तोंड ओले ठेवण्याचे काम बरेचसे जबड्याखालच्या ग्रंथी करतात आणि त्या मानेतील गाठींच्या अगदी शेजारी असल्याने त्यांना वाचवणे कठीण जाते. म्हणून जेवण बऱ्यापैकी जमत असलेला रुग्णही रात्री घसा कोरडा पडून पाण्यासाठी उठतो. अशा वेळी उपचार बिघडला असे समजू नये. कोणती ग्रंथी वाचवता आली, हे विचारावे.

गिळण्याचा प्रश्न लाळेपेक्षा वेगळा आहे. २०२३ मधील ‘डार्स’ या चाचणीत ११२ रुग्ण होते आणि दोन्ही गटांना आयएमआरटीच दिली होती. फक्त एका गटात गिळण्याच्या स्नायूंची मात्रा मुद्दाम कमी केली होती. वर्षभरानंतर गिळण्याविषयी रुग्णांनी स्वतः दिलेले सरासरी गुण (जास्त गुण म्हणजे गिळणे चांगले) त्या गटात ७७.७, तर दुसऱ्या गटात ७०.६ होते. तंत्राचे नाव तेच असूनही नियोजनामुळे फरक पडला. मला ही चाचणी या विषयात सर्वांत बोलकी वाटते.

तिसरी चूक काळाची. तोंड येणे, त्वचा लाल होणे, चव जाणे हे त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात आणि उपचार संपल्यानंतरही काही आठवडे टिकतात. जबड्याच्या हाडाची झीज, थायरॉइडची मंदगती, मानेचा ताठरपणा मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. ‘पारस्पोर्ट’मध्ये दोन वर्षांनी कोरडेपणातला फरक वाढून ८३ विरुद्ध २९ टक्के झाला होता. तीन महिन्यांच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष म्हणूनच अपुरा ठरतो.

रुग्ण वेगळे असताना तुलना करणे ही चूक नातेवाइकांच्या बोलण्यात हमखास आढळते. स्वरयंत्राच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगात किरणांचे क्षेत्र लहान असते आणि लाळग्रंथी त्यात फारशा येत नाहीत. घशाच्या वाढलेल्या कर्करोगात दोन्ही बाजूंची मान घ्यावी लागते. सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध असेल, तर तोंडातील व्रण वाढतात आणि श्रवणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो. तो दोष किरणांच्या तंत्रावर टाकू नये.

प्रोटॉनविषयी घाईने मत बनवू नये. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे पलीकडच्या अवयवांची मात्रा घटते. पण त्वचेला मिळणारी मात्रा अनेकदा कमी होत नाही आणि शरीराची ठेवण थोडी बदलली तरी किरण थांबण्याची जागा बदलू शकते. चाचण्यांचे निकालही एकमुखी नाहीत : घशाच्या कर्करोगावरील एका अमेरिकी चाचणीत अन्न देण्यासाठी नळी घालण्याची गरज कमी दिसली, तर ब्रिटनमधील ‘टॉर्पिडो’ चाचणीत वर्षभरानंतरच्या जीवनमानात फरक आढळला नाही.

उपचार सुरू असताना वजन घटून डोके-मान स्थिर ठेवणारा मास्क सैल वाटू लागला, तर ते त्याच दिवशी तंत्रज्ञांना सांगावे. चेहरा व मान बारीक झाल्याने लाळग्रंथी आत सरकून जास्त मात्रेच्या पट्ट्यात येऊ शकते आणि नियोजन पुन्हा करावे लागू शकते. नियोजन पूर्ण झाल्यावर प्रत्येक ग्रंथीची सरासरी मात्रा विचारावी. कानाजवळच्या निदान एका ग्रंथीची सरासरी २० ग्रेच्या (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, पण गाठ शेजारी असेल तर ती मर्यादा ओलांडावी लागते, कारण गाठीला पुरेशी मात्रा मिळणे आधी महत्त्वाचे असते. आणि पहिल्या सिटिंगच्या आधी वजन, तोंड किती उघडते, गिळण्याची व ऐकण्याची स्थिती लिहून ठेवावी, दात तपासून घ्यावेत. काढावे लागणारे दात किरणोपचारांपूर्वीच काढून जखम भरण्यास साधारण दोन आठवडे मिळतील, असे पाहावे.