हरभऱ्यात हरणं उतरली? आधी चार सकाळी नुसतं बघा

थंडी पडली की कर्जत-करमाळ्याकडच्या माळांवरून एकच प्रश्न येतो: हरणांनी हरभरा खाल्ला, काय फवारू? कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळवीट तिथून बाहेर चरायला येणारच. पण औषधाला पैसे घालायच्या आधी चार सकाळी दिवस उगवायच्या सुमारास बाभळीआड गप बसा. कुत्रं घरी बांधून या. काळविटाची नजर तेज असते, बसलेल्या माणसापेक्षा चालणारा त्याला लगेच दिसतो.

कळप गेला की शेंड्याशी वाकून पाहा. या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती पाला ओढून तोडतात आणि तुटल्या जागी धागे लोंबतात. सशाने खाल्लेला शेंडा कात्रीने तिरका कापल्यासारखा दिसतो. रान उकरलेलं असेल तर ते डुकराचं काम. बांधावर एकाच जागी लेंड्यांचा ढीग दिसला, तर तो काळ्या नराचा ठिय्या समजा. तो तिथे रोज येतो.

हरभरा महिनाभराचा असेल, फूल नसेल, तर वरवर खाल्लेला शेंडा म्हणजे फुकटची खुडणी! आपणही त्याच वयात शेंडे खुडून भाजी करतो, फुटवे वाढतात. फुलं-घाटे धरल्यावर गेलेलं मात्र भरून येत नाही. राखणीची खरी गरज तेव्हा, आधीपासून रात्री जागून दमू नका. ज्वारी डोक्याएवढी झाली की काळवीट आत शिरायला कचरतं, कारण त्याला सुरक्षित वाटायला लांबवरचं दिसत राहावं लागतं. मग सगळा मोर्चा शेजारच्या बुटक्या हरभऱ्यावर. म्हणून पुढच्या वर्षी माळाच्या कडेला हरभरा नको, तिकडे ज्वारी घ्या. कडेने करडईचे तास, म्हणजे ओळी, टाकायची जुनी रीत चांगलीच आहे, पण करडई काट्यावर येईपर्यंत तिचा आडोसा धरू नका. कोवळी करडई हरणंही आवडीने खातात.

जुन्या साड्यांचं कुंपण आठवडाभर चालतं, नंतर हरणं सरावतात. साड्यांची जागा अधूनमधून बदलत राहा. तारेत वीज सोडायचा विचारही नको. पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्यात सापडतो. शिवाय काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विहिरीला कठडा नसेल तर निदान काटेरी फांद्या तरी लावा, कुत्री मागे लागली की हरणं आंधळी पळतात.

नुकसान मोठं असेल तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत पीक उपटू नका, कुळवाची पाळी घालू नका. खुरांचे ठसे आणि तुटलेले शेंडे यांचे फोटो सकाळीच काढा, वारा सुटला की मातीतले ठसे बुजतात. अर्जासोबत सातबारा जोडा.