पाण्यावरचा शोध : आधी वारा, मग कुत्रा

सोलापूर जिल्ह्यात पाण्यावरच्या बचावकार्यात स्वयंसेवक म्हणून उतरू पाहणाऱ्यांना पोहणे, लाइफ जॅकेट आणि दोर फेकणे यांविषयी मी काही सांगत बसणार नाही. आपदा मित्र योजनेच्या बारा दिवसांच्या प्रशिक्षणात ते येते, आणि ज्यांनी ते घेतलेले नाही त्यांनी आधी ते घ्यावे. मला लिहायचे आहे ते शोधक कुत्र्याविषयी, कारण माझ्या एका चुकीमुळे एका कुटुंबाला काठावर आणखी एक रात्र काढावी लागली.

माझी मैना लॅब्रडॉर आहे. तिच्या तयारीला दीड वर्ष लागले : आधी कोरड्या रानात, मग काठावर आणि शेवटी होडीत. चार आठवड्यांत कुत्रे तयार करून देतो म्हणणाऱ्यांकडे मी पूर्वीही गेले नाही आणि कोणी जाऊ नये असे माझे ठाम मत आहे. मात्र माझ्या प्रशिक्षकांबद्दलही माझी एक तक्रार आहे. ते सरावाच्या वेळी कुत्र्याचे कौतुक फार करत आणि त्याला हाताळणाऱ्याची चूक क्वचितच दाखवत.

उजनीच्या फुगवट्यात ऐन उन्हाळ्यात एक तरुण बुडाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही होडी घातली. जलपर्णीच्या कडेला येताच मैना होडीच्या टोकावरून इतकी वाकली की तिचा पट्टा मला दोन्ही हातांनी धरावा लागला. तिने जिभेने पाणी चाटले, एकदा कुँ केले आणि शिकवल्याप्रमाणे खाली बसली. मी सर्वांसमोर तिला चेंडू दिला आणि ‘इथेच आहे’ असे सांगून टाकले. अंधार पडेपर्यंत लोक जलपर्णी ओढत आणि गळ टाकत राहिले, पण हाती काही लागले नाही. पहाटे एका वयस्कर मासेमाराने मला बाजूला घेऊन विचारले, ‘ताई, काल दुपारधरनं वारं मावळतीचं हाय, बघितलं का? वास हिकडं आला आसंल, माणूस न्हाई.’ त्यांच्या सांगण्यावरून होडी पश्चिमेकडे नेली. तो तरुण चार-पाचशे मीटरवर, उघड्या पाण्यात सापडला.

हे नीट समजून घ्यावे, म्हणून थोडे लांबण लावते. बुडालेल्या शरीरातून निघणारे वायू आणि तेलकट अंश वर येतात, पण ते सरळ येत नाहीत. वर येता येता प्रवाह त्यांना बाजूला नेतो, पृष्ठभागावर आल्यावर वारा पुढे नेतो, आणि जलपर्णी किंवा काठ आडवा आला की वास तिथे साचून राहतो. मैनेने मला ‘वास इथे आहे’ असे सांगितले होते आणि ते खरेच होते. मी मात्र ‘माणूस इथे आहे’ असे ऐकले. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा या दोन्हींतले अंतर थोडे असते. दुपारच्या वाऱ्यात ते किती वाढते, हे वर लिहिलेच आहे.

म्हणून आता मी कुत्र्याला होडीत घेण्याआधी काठावर उदबत्ती लावून धुराची दिशा वहीत लिहिते आणि दर पाव तासाने पुन्हा पाहते. प्रवाहासाठी ज्वारीच्या कडब्याचे चिपाड पाण्यात टाकते. आपल्याकडे ते कुठल्याही वस्तीवर मिळते. होडी वारा जिकडे वाहतो त्या बाजूने सुरू करावी, वाऱ्याला आडव्या ओळी घालाव्यात आणि प्रत्येक ओळीला थोडे वाऱ्याच्या उगमाकडे सरकावे. कुत्र्याचे नाक प्रथम कुठे वळले, ते सर्वांत उतावीळ कुठे झाले आणि वास कुठे तुटला, या तिन्ही जागा मोबाइलमध्ये नोंदवाव्यात. वास तुटतो तिथे बहुधा आपण शरीराच्या पलीकडे, वाऱ्याच्या उगमाच्या बाजूला गेलेलो असतो. ही तिसरी नोंद मी कितीतरी महिने करतच नव्हते. शक्य असल्यास दुसरे कुत्रे आणावे आणि पहिले कुठे बसले हे त्याच्या माणसाला सांगू नये. पाणबुड्याला उतरवायचे ते त्यानंतरच.

कुत्रे गप्प राहिले, तर तिथे कोणी नाही असेही धरू नये. खोल पाणी तळाशी थंड असते, वायू उशिरा तयार होतात आणि वास वर यायला वेळ लागतो.

या सगळ्याने नवख्याने घाबरून जाऊ नये. कुत्र्याची भाषा वाचायला मलाही वेळ लागला, आणि वारा वाचणे त्याहून सोपे आहे. कोळी-भोई मंडळींच्या होडीत चार सकाळी बसलात तर ते येते. पण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली, पाणी वरून पडत असताना, कोणाच्याही आग्रहाने होडी नेऊ नका. तिथले पाणी माणसाला आणि होडीला परत भिंतीकडे ओढते, आणि मग शोध घेणाऱ्यांचाच शोध घ्यावा लागतो.

मे महिन्यात पत्र्याची होडी तव्यासारखी तापते, तेव्हा ओले पोते अंथरून वीस मिनिटे काम आणि मग सावली, एवढेच कुत्र्याला झेपते. पाण्यावर हिरवा तवंग असेल तर त्याला ते पाणी पिऊ देऊ नये, ते विषारी असू शकते. पिण्याचे पाणी घरून न्यावे.

चेंडूविषयी एक सांगायचे राहिले. कुत्र्याने वास बरोबर दाखवला असेल तर बक्षीस त्याच वेळी द्यावे लागते, अन्यथा पुढच्या खेपेला ते मन लावत नाही. त्या दिवशी मी चेंडू उडवला तेव्हा मुलाची आई वीस पावलांवर बसली होती, हे माझ्या नंतर लक्षात आले. आता होडीत मी मैनेच्या तोंडात चेंडू नुसता देते, आवाज करत नाही, आणि काठावर आल्यावर तिला टेम्पोच्या मागे नेऊन खेळवते.