मधल्या इंजिनाच्या गाडीची डिकी तापते? या चुका टाळा

पोर्शे बॉक्स्टर, केमन किंवा जुनी टोयोटा एमआर२ यांसारख्या गाड्यांत इंजिन आसनांच्या मागे आणि मागची डिकी त्याच्याही मागे, सायलेन्सरच्या डोक्यावर असते. त्यामुळे ती थोडीफार तापणारच, आणि लांबच्या प्रवासानंतर आतले सामान कोमट लागले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तळावर हात ठेववत नसेल किंवा एकाच कोपऱ्यात चटका बसत असेल, तर मात्र काहीतरी बिघडलेले आहे.

अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे उष्णता कुठून येते हे न पाहता डिकीत आतून चंदेरी चादर चिकटवणे. बाजारातल्या अशा बहुतेक चादरी आवाज आणि कंप कमी करण्यासाठी असतात. त्यांतले ब्यूटाइल किंवा डांबर तापले की मऊ पडते आणि गाडीत वास भरतो. चकाकणारा पृष्ठभाग उष्णता परतवतो हे खरे, पण त्याच्यासमोर हवेची फट असेल तरच. कार्पेटखाली दाबून बसवलेली चादर चंदेरी असली काय आणि काळी असली काय, सारखीच.

उद्यमनगरात आमच्याकडे आलेल्या एका गाडीत अशा चादरीचे दोन थर होते, आणि तरीही पुण्याच्या पाहुण्यांसाठी नेलेल्या गुळाच्या ढेपा खालून पाघळून कापडाला चिकटल्या होत्या. मालकांचा आग्रह तिसऱ्या थराचा होता. गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा सायलेन्सर आणि डिकीचा तळ यांच्यामधली ॲल्युमिनियमची हीट शील्डच, म्हणजे उष्णता अडवणारा पत्राच, जागेवर नव्हती. आवाजासाठी दुसरा सायलेन्सर बसवताना शील्डचे एक भोक गंजून मोठे झाले होते, ती खडखडू लागली, आणि बसवणाऱ्याने ती काढून बाजूला ठेवली ती ठेवलीच. नवी शील्ड आणली, प्रत्येक बोल्टखाली रुंद स्टीलचा वॉशर दिला, सायलेन्सरपासून बोटभर अंतर राखले आणि चादरी खरवडून काढल्या. सगळ्यात जास्त वेळ खरवडण्यातच गेला. खडखडणारी शील्ड काढून टाकणे हा उपाय नव्हे, आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. एक्झॉस्टच्या जोडापाशी काजळीचा काळा डाग दिसत असेल, गार इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येत असेल, तर गॅस्केट, म्हणजे जोड घट्ट बंद ठेवणारी चकती, फुटलेली असू शकते, आणि मग गरम वायू थेट तळावर आदळतो. डिकीचे रबर किंवा तळातली बुचे निघालेली असतील, तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, ज्याला रंगही नाही आणि वासही नाही. येथे सीलंट फासून वेळ मारून नेऊ नये, गॅस्केट बदलावी. इंजिन मिसफायर होत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, तर ते न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या एक्झॉस्टमधल्या डब्यात) जळते आणि तो एरवीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून प्लग आणि कॉइल तपासल्याशिवाय मी शील्डला हात लावत नाही.

काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही इंजिनकक्षाचा पंखा चालतो. बॅटरी संपेल म्हणून त्याचा फ्यूज काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. गाडी थांबली की वाहती हवा थांबते आणि उष्णता वर चढते, त्यासाठीच तो पंखा आहे. करूळ घाट चढून गगनबावड्याला चहासाठी थांबायचे असेल, तर शेवटचे थोडे अंतर सावकाश चालवावे. बाजूच्या जाळ्यांत अडकलेला पाला पावसाळ्यानंतर काढावा.

उष्णता अडवण्यासाठी एक्झॉस्टला पट्टी गुंडाळणे मला पसंत नाही. आमच्याकडच्या पावसात ती ओल धरून ठेवते आणि साधा लोखंडी पाइप आतल्या आत गंजतो.

लेझरचा थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर खूपच कमी आकडा दाखवतो. शील्ड गार असताना तिच्यावर उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा आणि तेथेच मोजावे. दुरुस्तीनंतरही पॉवर बँक, डिओडरंटचे डबे आणि औषधे पुढच्या डिकीत ठेवावीत. पुढची डिकी नसेल तर आसनाजवळ ठेवावीत.