लिथियम कोबाल्ट ऑक्साइड: भट्टीपासून एक्सआरडीपर्यंत

लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडवर (धन टोकावर) संशोधन सुरू करताना पहिला पदार्थ हाच, म्हणजे लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, करून बघावा. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये बॅटरी-संशोधक जॉन गुडइनफ यांच्या गटाने तो कॅथोड म्हणून दाखवला. त्याची थरांची रचना पक्की ठाऊक असल्यामुळे काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधता येतं.

५ ग्रॅम मालासाठी ४.१० ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइड (सूत्रात तीन कोबाल्ट आणि चार ऑक्सिजन असलेला काळा) आणि १.९८ ग्रॅम लिथियम कार्बोनेट घ्या. हिशेबाने कार्बोनेट १.८९ ग्रॅमच लागतं. ५ टक्के जादा घ्यायचं, कारण तापलेल्या भट्टीत थोडं लिथियम उडून जातं. कार्बोनेट आधी १२० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा. कोबाल्टची पूड श्वासात जाणं घातक आहे, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच.

अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात थोडं ॲसिटोन घालून अर्धा-पाऊण तास घोटा. मग ६५० अंशांना ६ तास. थेट ९०० ला नेऊ नका: कार्बोनेट ७२३ अंशांना वितळतं आणि वितळलेलं कार्बोनेट मुशीच्या तळाशी उतरतं. गार झाल्यावर पुन्हा घोटा, पुडीची पेलेट (टिकली) दाबा आणि हवेतच ९०० अंशांना १२ तास ठेवा; तापवताना मिनिटाला ५ अंश पुरे. ॲल्युमिनाच्या मुशीशी लिथियमची अभिक्रिया होते, म्हणून पेलेटखाली त्याच पुडीचा थर पसरा. झाकण घट्ट नको. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हवा आणि ऑक्सिजन आत यायला हवा.

आता खरी परीक्षा. पूड काळी झाली म्हणजे काम झालं असं नाही. कच्चा कोबाल्ट ऑक्साइडही काळाच असतो. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) १० ते ८० अंश टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) घ्या, स्टेप ०.०२. तांब्याच्या नळीचे किरण कोबाल्टला फ्लुओरेसन्स करायला (स्वतःचे क्ष-किरण सोडायला) लावतात, त्यामुळे बॅकग्राउंड चढतं. घाबरू नका, डिटेक्टरची ऊर्जामर्यादा आवळा किंवा मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण निवडणारं साधन) लावा.

सगळ्यात आधी ६५.४ आणि ६६.३ अंशांजवळची शिखरांची जोडी पाहा. ०१८ आणि ११० (हे आकडे म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या प्रतलांची नावं) ही दोन शिखरं स्वच्छ सुटी दिसली तर थर नीट बसले आहेत. ती एकमेकांत मिसळली असतील तर तापमान कमी पडलं: ४०० अंश सेल्सिअसजवळ केलेला माल स्पिनेलसारखा (सरळ थरांऐवजी घनाकार रचनेचा) होतो आणि त्याचं सी भागिले ए (स्फटिकाच्या एकक पेशीची उंची भागिले रुंदी) हे गुणोत्तर ४.९० च्या आसपास येतं. चांगल्या मालात ए सुमारे २.८१६ आणि सी १४.०५ अँगस्ट्रॉम, म्हणजे गुणोत्तर ४.९९. ३१.३ आणि ३६.८ अंशांना शिखरं दिसली तर कोबाल्ट ऑक्साइड उरलाय, म्हणजे लिथियम उडालं किंवा घोटणं कमी पडलं.

१९ अंशांजवळचं ००३ शिखर अवाढव्य आलं म्हणून खूश होऊ नका. कण चपटे असतात. काचेने दाबून पूड भरली की ते आडवे झोपतात आणि हे शिखर फुगतं. होल्डर बाजूने भरा. ००३ आणि १०४ च्या तीव्रतेवरून कॅटायन-मिसळ (धातूचे अणू लिथियमच्या थरात शिरणं) सांगण्याची सवय निकेलच्या कॅथोडवरून आली आहे. इथे त्या आकड्यात बहुधा फक्त तुमची पूड भरण्याची पद्धत दिसते.

रीटव्हेल्ड (मोजलेल्या आलेखावर रचनेचं गणिती प्रारूप बसवणं) करायला फुलप्रॉफ किंवा जीसास-टू, दोन्ही मोफत आहेत. क्रम ठेवा: स्केल, बॅकग्राउंड, नमुन्याची उंची, सेल (एकक पेशीची मापं), शिखरांचा आकार, मग ऑक्सिजनचा झेड (सी दिशेतली त्याची जागा). कोबाल्ट मूळबिंदूवर ठेवलात तर झेड ०.२६ च्या जवळ येतो. लिथियमची ऑक्युपन्सी (त्याची जागा किती भरली आहे ते प्रमाण) मात्र मोकळी सोडू नका. त्याचे इलेक्ट्रॉन तीनच. क्ष-किरणांना ते जवळपास दिसतच नाही, आणि प्रोग्राम जो आकडा देईल तो निव्वळ भ्रम असेल. लिथियम किती ते आयसीपीने (प्लाझ्मात मूलद्रव्यं मोजण्याच्या पद्धतीने) मोजा. कुठल्या जागी बसलंय हे पाहायचं तर न्यूट्रॉन लागतात. विद्यापीठांतल्या संशोधकांना ते यूजीसी-डीएई कन्सॉर्शियममार्फत (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्याशी जोडलेल्या संस्थेमार्फत) ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर मिळू शकतात. अर्ज करताना नमुना ग्रॅममध्ये लागेल हे धरून चाला, आणि लिथियम व कोबाल्ट दोन्ही न्यूट्रॉन शोषतात, तेव्हा मोजणीला वेळ जास्त मागा.