सीताफळाचं सेटिंग, म्हणजे फुलात पराग लावून फळ धरवणं, हाताने कसं करायचं आणि कधी करायचं

सीताफळ फुलांनी नुसतं लगडतं आणि फळं मात्र बोटावर मोजण्याइतकी, बाकी सगळी गळ झाडाखाली, ही रड दर मे महिन्यात असतेच आणि मग लोक लगेच टॉनिकं मारायला लागतात. आधी फूल उघडून बघा. नर-मादी दोन्ही एकाच फुलात असतात पण त्यांची वेळ जुळत नाही. पाकळ्या जरा फाकल्या की मधला मादी भाग चिकट, तयार असतो पण पराग अजून सुटलेला नसतो, आणि पाकळ्या पूर्ण पसरून पराग सुटेपर्यंत मादी भागाचा चिकटपणा गेलेला असतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाच्या मादी भागावर पोचवावा लागतो, हे काम निसर्गात बारीक भुंगेरे करतात, मधमाशी इथे फारशी उपयोगाची नाही. मेच्या कोरड्या उन्हात भुंगेरेही कमी आणि चिकट भागही पटकन वाळतो, म्हणून ती गळ.

आता कृती. संध्याकाळी चारच्या पुढे झाडावरून फिरायचं आणि ज्यांच्या पाकळ्या आता पसरायलाच लागल्यात अशी फुलं तोडून कागदी पिशवीत ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको, घाम धरतो आणि पराग चिकटून बसतो. सकाळी ती फुलं ताटलीत किंवा काळ्या कागदावर झटकली की पिवळट-पांढरी पूड पडते, तोच पराग. तो छोट्या डबीत घ्या आणि त्याच सकाळी संपवा, उद्यासाठी ठेवायच्या भानगडीत पडू नका.

मग ऊन चढायच्या आत, आठ-नऊपर्यंत, अर्धवट उघडलेली फुलं शोधायची. एका हाताच्या दोन बोटांनी पाकळ्या हलकेच फाकवायच्या, मऊ बारीक ब्रश परागात बुडवून मधल्या उंचवट्यावर सगळ्या बाजूंनी गोल फिरवायचा. सगळ्या बाजूंनी हे मुद्दाम सांगतोय, कारण सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे एकेक वेगळी मादी, जिथे पराग पोचला नाही तिथला डोळा फुगत नाही आणि फळ एका बाजूने बसकं, वाकडं होतं. बाजारात वाकड्या फळाला कोण विचारतो!

कुठलं फूल घ्यायचं हेही बघा. खोडाजवळच्या जाड फांदीवरच्या फुलाला प्राधान्य द्या, तिथे फळ पोसतं. काडीसारख्या टोकावरची फुलं सोडून द्या, आणि दोन-तीन वर्षांच्या रोपावर तर हे करूच नका, वाढ थांबते. सगळी फुलं सेट करायचा मोह होतो पण मग फळं लिंबाएवढी राहतात.

सीझनचं गणित फळ तयार व्हायला साधारण चार महिने लागतात यावर बसतं. म्हणजे जूनचं फूल ऑक्टोबरला, जुलैचं नोव्हेंबरला. आपल्याकडे पुरंदर, बीड भागात पावसाचं वारं सुटलं, हवेत ओल आली की सेटिंग आपोआप सुधारतं, त्यामुळे हाताची खरी गरज एप्रिल-मेच्या फुलांना. तेव्हा झाडाला पाणी तोडू नका आणि भल्या पहाटे काम उरका. पाऊस चालू असताना मात्र थांबा, ओला पराग कामाचा नाही. आणि ऑगस्ट उजाडला की ब्रश ठेवून द्यायचा, कारण उशिराच्या फळांना थंडी गाठते, ती काळी टणक होऊन झाडावरच वाळतात.

फुलं लवकर हवी असतील तर आधी ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, छाटणी करा आणि उरलेली पानं काढून टाका. सीताफळाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे नवा कोंब, पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो, पान गेल्याशिवाय तो फुटत नाही.

परसातल्या दोन-चार झाडांना किंवा ज्या फळाला दर चांगला त्याला हा उद्योग परवडतो. स्पेनमध्ये चेरिमोया आणि तैवानमध्ये अटेमोया, दोन्ही सीताफळाची भावंडं, तिथले शेतकरी हे नेहमीचं काम म्हणून करतात. पण एकरभर बागेत मजुरी लावून करायचं असेल तर आधी एका ओळीवर करून बघा. सेट केलेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा बांधा, आठवड्याभरात पाकळ्या गळून हिरवा गोळा टिकलाय का ते कळतं, देठासकट पडलं तर सेट झालं नाही समजायचं. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत गरज नसताना कीटकनाशक मारू नका, पिठ्या ढेकूण (पांढरी, पिठासारखी दिसणारी कीड) दिसला तर तेवढीच फांदी धुवा, नाहीतर फुकट काम करणारे भुंगेरे मरतात आणि सगळंच तुमच्या ब्रशवर येतं.